गडाखाली बसलेली बाई

आपल्या चित्रात आपण न काढलेली एक बाई बसली आहे, हे ट्राउगोट झाइडलरच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या हातात निथळती छत्री होती आणि ती ठेवायला त्या अख्ख्या दालनात कुठं जागा नव्हती. म्हणजे वैतागाची सुरुवात छत्रीपासूनच झाली होती. त्यात तो तापातून नुकता उठलेला, त्यात नदीकाठच्या गच्चीच्या पायऱ्या चढून धाप लागलेली, त्यात दारावरच्या माणसानं त्याच्याकडेच तिकीट मागितलं आणि "मी चित्रकार आहे" म्हटल्यावर "इथं येणारे सगळेच असतात" असं म्हणून वर तिकिटाचे पैसे घेतलेच. गर्दीतून वाट काढत तो आपल्या चित्रापाशी पोचला. सवयीनं आधी आभाळ पाहिलं, मग ग्राउफेल्सचा पडका गड पाहिला, बुरुजावरची भेग पाहिली, मग गडावरून उतरणाऱ्या पायवाटेवर नजर आली आणि वळणावरच्या दगडावर ती दिसली. पाठमोरी. पिवळी गवती टोपी, निळसर शाल, मान जराशी डावीकडे कललेली. जेमतेम नखाएवढी. आधी त्याला वाटलं वार्निशचा थेंब साकळलाय. मग वाटलं ताप अजून उतरलेला नाही. मग त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि बाई तिथंच होती, त्याच्या गडाकडे बघत, कुणीतरी आमंत्रण देऊन बोलावल्यासारखी.

हे कुणाचं काम, ते विचारायची गरज नव्हती. ट्राउगोटच्या चित्रांतली माणसं बाल्टझार नोआकच काढायचा. त्यात लपवण्यासारखंही काही नव्हतं. ड्रेस्डेनमधले निम्मे देखावेवाले असंच करत. झाडं, दगड, ढग, पडके बुरूज ज्याचे त्यानं रंगवायचे आणि शेवटी माणसं बसवायला नोआकला बोलवायचं. ट्राउगोटला माणूस जमतच नसे. अकादमीत असताना त्याच्या गुरूंनी त्याचा कागद सगळ्या वर्गासमोर धरून सांगितलं होतं, "झाइडलर, हे बटाटे फार सुरेख आहेत, पण मी तुम्हाला अपोलो काढायला सांगितला होता." तेव्हापासून त्यानं माणसांचा नाद सोडला तो सोडलाच. बाल्टझार यायचा, कोट काढून खुंटीला लावायचा, "चला, वस्ती करू या" म्हणायचा आणि कॉफी गार व्हायच्या आत एखादा साधू, एखादा शिकारी, शेळ्या हाकत उतरणारी एखादी पोर चित्रात येऊन ठाण मांडायची. ट्राउगोट तोवर खिडकीबाहेर बघत उभा राहायचा. आपल्या घरात दुसऱ्यानं येऊन खुर्च्या मांडाव्यात तसं त्याला व्हायचं, पण बोलायची सोय नव्हती, कारण माणूस नसलेलं चित्र कुणी घेत नसे. या वेळी मात्र त्यानं साफ सांगितलं होतं. "यात कुणी नको." "कुणीच नको? शेळीसुद्धा?" "शेळीसुद्धा नको." बाल्टझारनं खांदे उडवले होते आणि उरलेली कॉफी पिऊन तो निघून गेला होता. मग ऐन चित्रं पाठवायच्या आठवड्यात ट्राउगोट तापानं आडवा झाला आणि चित्र दालनापर्यंत पोचवायचं काम बाल्टझारनं आपण होऊन अंगावर घेतलं. मित्र म्हणून. आता अशा मित्राला काय म्हणायचं.

पण नुसती बाई असती तर तो चिडला असता, बाल्टझारला दोन शब्द सुनावले असते आणि घरी गेला असता. तो खिळून राहिला ते वेगळ्याच गोष्टीनं. ती बाई रिके होती. त्याची बायको. दोन हिवाळ्यांपूर्वी खोकून खोकून गेलेली. टोपी तिची होती, ती मान कलती ठेवायची लकब तिची होती, खांद्यांतून जरा वाकून बसणंही तिचं होतं. ग्राउफेल्सला ते दोघं एकदाच गेले होते, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. पिर्नापर्यंत होडीनं, पुढं पायी, वाटभर रिके खाण्याची टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती आणि तो रंगांची पेटी सांभाळत पुढं चालत होता. त्या दिवशी केलेल्या रेखाटनांवरूनच त्यानं हे चित्र आत्ता, इतक्या वर्षांनी काढलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, बाल्टझारलाही नाही, पण हे चित्र त्यानं तिच्यासाठी काढलं होतं. ती नाही, म्हणून चित्रात कुणीच नाही. इतकी साधी गोष्ट होती ती. रिकामी पायवाट पाहून लोकांना काहीतरी हरवल्यासारखं वाटेल, कुणाचं काय हरवलं ते कळायची गरज नाही, असा त्याचा हिशेब होता. आणि या गृहस्थानं त्या रिकाम्या जागेवर नेमकी तिलाच आणून बसवली होती, चार फटकाऱ्यांत. चार फटकाऱ्यांत ती ओळखू येत होती, याचा राग सगळ्यात मोठा होता. या नोआकनं त्याच्या बायकोची मान केव्हा बघितली?

"कुणाची वाट बघत असेल हो ती?" शेजारी उभी असलेली एक जाडसर बाई आपल्या नवऱ्याला विचारत होती. नवरा म्हणाला, "नवऱ्याची. तो वर गड बघायला गेलाय आणि हिचे पाय दुखतायत." दोघं हसली. ट्राउगोटच्या छत्रीचं पाणी त्या नवऱ्याच्या बुटावर टपकत होतं, ते त्यानं टपकू दिलं. तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या कलामंडळाचे सचिव क्रेत्श्मार दोन्ही हात पुढं करून आले. क्रेत्श्मार नेहमीच दोन्ही हात पुढं करून येत, त्यामुळे समोरच्याला आपलेही दोन्ही द्यावे लागत, आणि ट्राउगोटच्या एका हातात छत्री होती. "अहो झाइडलर, अभिनंदन. मंडळानं तुमचा गड घेतला. रविवारच्या सोडतीत आहे." दरवर्षी असंच चाले. मंडळ वर्गणीदारांच्या पैशांतून काही चित्रं विकत घ्यायचं आणि त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून वाटून टाकायचं. कुणाचा गड कुणाच्या कोचामागच्या भिंतीवर जाईल याचा नेम नसे. "खरं सांगू का," क्रेत्श्मार आवाज खाली करून म्हणाले, "पोचलं तेव्हा मी नोआकला म्हटलं, बाबा, हे फार ओसाड आहे. लोक घरात लावणार, जेवताना समोर बघणार. घास उतरायला नको का? ती बाई आली आणि चित्रात जीव आला." ट्राउगोट म्हणाला, "वार्निश धरलेलं नाही नीट. घरी नेऊन दुरुस्त करतो." क्रेत्श्मार म्हणाले, "आत्ता? प्रदर्शन चालू असताना?" ट्राउगोट म्हणाला, "पांढरट पडलं तर मंडळाचंच नाव जाईल." हे मात्र त्यांना लगेच पटलं.

चित्र कापडात गुंडाळून काखेत धरून तो पुलावरून निघाला. पाऊस थांबला होता, वारा सुटला होता, आणि एल्बवरच्या त्या पुलावर वारा सुटला की कापडात गुंडाळलेलं चित्र शीड होऊन बसतं. उजव्या बाजूनं चालायचा नियम. समोरून येणाऱ्यांचा त्रास नाही, पण मागचे ढकलत राहतात. "अहो, जरा उरकतं घ्या." तो उरकतं कसं घेणार? चालता चालता त्याला एकच गोष्ट छळत होती. त्याला स्वतःला रिकेची मान आठवत होती का? म्हणजे चित्रात पाहण्याआधी? त्यानं आठवून पाहिलं. ग्राउफेल्सच्या दरवाज्याच्या कमानीतले दगड त्याला पाठ होते, कुठला निखळलाय, कुठल्यावर शेवाळ आहे. त्या दिवशीचा उजेड कसा पश्चिमेकडून येऊन बुरुजाच्या कडेवर थांबला होता ते आठवत होतं. टोपलीचं झाकणसुद्धा आठवत होतं, त्याची एक कडी तुटली होती. आणि रिके? रिके होती. होती म्हणजे होतीच, बरोबर आली होती, बरोबर परत गेली होती. पण कुठं बसली होती, काय बोलत होती, भांग कुठल्या बाजूला पाडायची, काही म्हणजे काही डोळ्यांसमोर येईना. घरात रेखाटनांच्या वह्यांची चळत पडली होती, त्यांत फरची झाडं होती, खडक होते, गिरण्या होत्या, सगळ्या सॅक्सनीतले पडके गड होते, आणि बायकोचं एकही चित्र नव्हतं. ती जिवंत असताना एकदा म्हणाली होती, "अहो, मला कधी काढणार?" तो म्हणाला होता, "तुला बटाटा व्हायचंय का?" ती हसली होती. की नव्हती हसली? तेही आता नक्की सांगता येत नव्हतं. मागच्या माणसानं परत ढकललं.

घरमालकीण म्योबिउसबाई जिन्यातच भेटल्या. त्यांची कॉफी इतकी पातळ असायची की कपाच्या तळाशी रंगवलेलं फूल स्वच्छ दिसायचं, आणि त्यांना असं वाटायचं की आजाऱ्याला तीच द्यावी. कप घेऊन त्या वर आल्या, चित्र उलगडलेलं पाहिलं आणि जवळ जाऊन डोळे बारीक करून बघायला लागल्या. ट्राउगोट वाट बघत राहिला. या बाईनं रिकेला रोज पाहिलं होतं, शेवटच्या दिवसांत तिला उठवून बसवलं होतं, तिच्या पायांना गरम विटा बांधल्या होत्या. आता त्या तोंडावर हात ठेवतील, असं त्याला वाटलं. म्योबिउसबाई म्हणाल्या, "ही कोण? इंग्रजीण दिसते." "इंग्रजीण?" "हो ना. हल्ली सगळीकडे त्याच बसलेल्या असतात, दगडांवर. परवा मी बहिणीकडे गेले होते तर तिथंही नदीकाठी दोन बसल्या होत्या. काम नाही धाम नाही. कॉफी घ्या, निवतेय." त्या गेल्यावर त्यानं कॉफी कुंडीत ओतली. म्योबिउसबाईंची नजर अधू झाली असणार. इतकं समोर दिसत असताना ओळखू नये म्हणजे कमाल झाली. की लोक माणसांकडे बघतच नाहीत? तो तरी कुठं बघत होता. आणि तो मेला बाल्टझार, कॉफी प्यायच्या निमित्तानं येऊन बघून गेला, मनात ठेवून गेला, आणि वेळ आल्यावर नखाएवढी काढून ठेवून दिली, आपल्याला न विचारता, आणि आता ती सोडतीत जाणार, कुणा तेलवाल्याच्या, कुणा वकिलाच्या भिंतीवर. जेवताना समोर बघायला. घास उतरावा म्हणून.

तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस काय करतो ते त्याला स्वतःला नीट कळत नाही. त्यानं बोथट सुरी घेतली. बाल्टझारचा रंग अजून पुरता सुकला नव्हता. आधी टोपी गेली, मग शाल, मग मान. थोडा दगडही निघून आला. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्यानं उरलेली निळसर छटा पुसून घेतली. झालं. त्याला बरं वाटलं, अगदी मोकळं वाटलं, दात काढल्यावर वाटतं तसं, आणि मग जीभ परत परत तिथंच जायला लागते तसं त्याचं झालं. तो मागं सरकून बघायला लागला. पायवाट रिकामी होती, पण ती आधीची रिकामी नव्हती. आधी तिथं कुणी नव्हतं. आता तिथून कुणीतरी उठून गेलं होतं, आणि ते कुणी उठवलं हेही स्पष्ट होतं. त्याच्या जवळ तिचं एकच चित्र होतं, दुसऱ्यानं काढलेलं, नखाएवढं, आणि ते आत्ता त्या चिंधीवर होतं.

मग तो स्वतः काढायला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळभर तेच. पिवळा घेतला, टोपी ठेवली. टोपी झाली, टोपीखाली माणूस होईना. खांदे काढले की गाठोडं व्हायचं, मान काढली की गाठोड्याला देठ यायचा. पुसलं. परत काढलं. परत पुसलं. तो एरवी एका फांदीवरची पानं दिवसच्या दिवस न कंटाळता रंगवणारा माणूस, पण त्या एका नखाएवढ्या जागेनं त्याच्या नाकी नऊ आणले. कापड तिथं खरबरीत व्हायला लागलं. डोळे मिटून बघितलं तर रिके दिसायची नाही, बाल्टझारची चार फटकाऱ्यांची बाई दिसायची, आणि तीही आता पुसट. म्योबिउसबाई दारातून म्हणाल्या, "अहो झाइडलर, इतकं घासू नका, भोक पडेल." त्यानं ब्रश टेबलावर आपटला, चित्र परत कापडात गुंडाळलं, टोपी घातली आणि निघाला. बाल्टझारच्या दारात जाऊन 'परत काढून दे' म्हणायचं, हे औषधाहून कडू होतं. पण रविवार जवळ आला होता, आणि त्याला ती परत हवी होती. चित्र मंडळाला गेलं तरी चालेल, पण निदान जाण्याआधी एकदा धड बघायला हवी होती. या वेळी तो नीट बघणार होता.

बाल्टझार नोआक घोड्यांची जीनं शिवणाऱ्याच्या दुकानाच्या वर राहायचा. खोलीत सदैव चामड्याचा वास. भिंतींना टेकून दुसऱ्यांची चित्रं उभी होती, माणसांची वाट बघत. तो स्वतः खिडकीत बसून पावावर दही थापून मुळ्याबरोबर खात होता. "ये. ताप गेला का? तोंड असं का केलंयस?" ट्राउगोटनं चित्र रंगकामाच्या लाकडी घोडीवर ठेवलं. बाल्टझारनं मान पुढं काढून बघितलं. "हे काय झालं? उंदरानं कुरतडलं की काय?"

"मी खरवडलं."

"का बाबा?"

"बसवण्याआधी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"म्हणून नाही विचारलं. क्रेत्श्मार ते परत पाठवणार होता, लेका. वर म्हणाला, झाइडलरांना सांगा, स्मशानं आम्हाला फुकट बघायला मिळतात. मी म्हटलं, एक बाई बसवतो, मग गप्प राहाल का? राहिला गप्प. आणि तू इथं येऊन माझ्यावर गुरकावतोयस."

"परत बसव तिला," ट्राउगोट म्हणाला. "जशी होती तशीच. मला जमत नाही." हे एवढं म्हटल्यावर उरलेलंही तोंडातून निघालंच. "मला फक्त एक सांग. तिची मान तुझ्या इतकी लक्षात कशी राहिली?"

"कुणाची?"

"रिकेची. आणखी कुणाची?"

बाल्टझारचं चावणं थांबलं. त्यानं पाव खाली ठेवला, हात विजारीला पुसले, एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा ट्राउगोटकडे. मग उठून तो भिंतीशी गेला आणि एक एक चित्र उजेडाकडे वळवायला लागला. एका गिरणीच्या पाटाशी पिवळ्या टोपीची बाई बसली होती, पाठमोरी, निळसर शाल, मान डावीकडे. एका धबधब्याखाली तीच बसली होती. एका समुद्रकिनाऱ्यावर, होडीच्या सावलीत, तीच. "हिरवं फार झालं की पिवळं लागतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मान कललेली असली की बाई विचारात आहे असं लोकांना वाटतं. पाठमोरी असली की तोंड काढावं लागत नाही. मी ही सगळ्यांना देतो, ट्राउगोट. तुला मात्र आत्ता पहिल्यांदा दिली. तुझ्या चित्रांत साधू, शिकारी, शेळ्याच चालायच्या, म्हणून तुझ्याकडे आजवर आली नव्हती."

ट्राउगोट त्या तीन बायकांकडे बघत राहिला. एकीतही रिके नव्हती. गिरणीवरची तर खरोखरच इंग्रजीण वाटत होती. काल ज्या बाईसाठी तो पुलावरच्या वाऱ्याशी भांडला, जिला रागानं खरवडलं, जिच्यासाठी सकाळभर घाम गाळला, ती पिवळ्या रंगाची एक सोय होती. म्हणजे त्यानं तिला ओळखली नव्हतीच. बायकोला विसरलेला माणूस समोर येईल त्या पहिल्या पाठमोऱ्या बाईला बायको समजला होता. त्याला बाल्टझारवर ओरडायचं होतं, पण यात बाल्टझारचं काय चुकलं ते त्याला सापडेना, आणि सापडत नाही म्हणून जास्तच संताप आला, आणि संतापात एकदम रडू यायला लागलं, त्याचाही वैताग आला. तो चष्मा काढून उगाच पुसत बसला. बाल्टझारनं त्याच्याकडे पाठ करून मुळ्याची पानं गोळा केली आणि खिडकीतून खाली टाकली.

"मी काढतो तिला," शेवटी तो म्हणाला. "खरी. नीट."

"तुला आठवते?"

"हात आठवतात. कप ठेवायची आणि जायची. इथं, मनगटाशी भाजल्याची खूण होती. चेहरा म्हणशील तर खोटं बोलणार नाही, तुझ्या घरी येऊन मी तुझे दगडच बघायचो. तू सांग, मी काढतो. कशी बसायची?"

"मला नाही सांगता येत."

"मग बसून दाखव."

"मी?"

"मग काय जीनवाल्याला बोलावू?"

हा निव्वळ मूर्खपणा होता. पन्नाशीला टेकलेला माणूस दुसऱ्याच्या खोलीत खोक्यावर बसून मेलेल्या बायकोची नक्कल करणार. तरी तो बसला. आधी त्यानं मान डावीकडे कलती केली, खांदे वाकवले. ते खोटं आहे हे बसल्याबसल्याच त्याला कळलं, मान अवघडली. रिके असं अवघडून कधी बसली नसती. तिला कुठंही ऐसपैस बसता यायचं, लोक काय म्हणतील याची तमा नसायची, त्यावरून तो तिला टोकायचा. त्यानं गुडघे फाकवले. कोपरं गुडघ्यांवर टेकवली. ते बरोबर वाटलं. "टोपी?" बाल्टझारनं विचारलं. "डोक्यावर नव्हती," ट्राउगोट म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला आश्चर्य वाटलं, कारण म्हणेपर्यंत हे त्यालाच ठाऊक नव्हतं. "मांडीत होती. उलटी. तिच्यात चेरी होत्या. वाटेत एका म्हातारीकडून घेतल्या होत्या." त्याचा हात मांडीकडे गेला, बोटांनी काहीतरी उचललं, तोंडाकडे नेलं. उन्हामुळे डोळे बारीक करून ती खात होती, आणि बिया टाकत होती. कुठं टाकत होती? इकडे. त्याच्या दिशेनं. एक बी येऊन त्याच्या रंगाच्या पाटीवर पडली होती आणि ती खदखदून हसली होती. दात लाल झाले होते. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. तो दात इतकी वर्षं त्याच्या आठवणीत नव्हता, आणि आत्ता तो सबंध तिथं होता, लाल रसासकट.

"ती गडाकडे बघत नव्हती," तो म्हणाला.

"मग कुठं?"

"माझ्याकडे. गडाकडे पाठ होती. सारखी माझ्याकडेच बघत होती." तो घोडीकडे पाठ करून खोक्यावर बसला होता, गुडघे फाकवून, आणि समोर बाल्टझार हातात खडू धरून त्याच्याकडे बघत होता. इतकं टक लावून त्याच्याकडे कुणी बघितल्याला फार दिवस झाले होते. "आणि मी तिला म्हणालो, बाजूला हो, दरवाजा दिसत नाही."

"मग?"

"मग झाली बाजूला. टोपी उचलली आणि माझ्या मागं जाऊन बसली. मग मी गड काढला."

खाली जीनवाला चामडं ठोकत होता. ट्राउगोटला वाटलं, बाल्टझारनं काहीतरी बोलावं, 'अरे, सगळेच असं म्हणतात' असं काहीतरी, मग त्याच्यावर चिडता आलं असतं. पण तो खडू घेऊन चित्राकडे गेला आणि वळणावरच्या खरबरीत जागेवर टेकवून उभा राहिला. "म्हणजे इथं नव्हती."

"नाही. मध्ये. अगदी दरवाजासमोर."

बाल्टझारनं खडू मधोमध आणला. "इथं? इतक्या जवळ? एवढी होईल मग," त्यानं हातानं माप दाखवलं. "दरवाजा जाईल. निम्मा बुरूज जाईल. तू महिनाभर घासलेले सगळे दगड जातील."

"जाऊ देत."

"तोंड आपल्याकडे करून, चेरी खाणारी बाई. मंडळ ठेवून घेणार नाही हे. क्रेत्श्मार परत पाठवेल तुझ्या घरी."

"पाठवू दे."

"अरे, पण लोकांना गड हवा असतो, झाइडलर. गड कुठं राहिला मग?"

"मागं आहे की," ट्राउगोट म्हणाला. "तू तिला काढ." आणि कोपरं गुडघ्यांवर टेकवून, मान वर करून तो हलायचं नाही म्हणून बसून राहिला.